शेवटी स्लॅश नको

नोड अठरा. वीस नव्हे.

आढीतून काढलेल्या तीनशे पेट्या.

इथे शिंकली.

शेवटी स्लॅश नको.

शमिकाने लॅपटॉपचं बटण सातव्यांदा दाबून धरलं आणि पडदा सातव्यांदा काळाच राहिला. दहा वाजून वीस मिनिटं. अकराला राजापूरच्या अनिलची आंब्यांची वेबसाइट खुली व्हायची होती. आढीतून काढलेला हापूस तीनशे पेट्यांत भरून तयार होता, गिऱ्हाइकं आठवडाभर वाट बघत होती, आणि नेमका आज सकाळी भाड्याचा सर्व्हर बसला. नवा घ्यायला पाच मिनिटं लागली. कोड इंटरनेटवर शाबूत होता. पण तो चालता करायच्या पायऱ्या, नोड या प्रोग्रॅमची कुठली आवृत्ती, कुठली ओळ कुठे, हे सगळं तिने एकाच फाइलीत जपून ठेवलं होतं. ती फाइल आता त्या काळ्या पडद्यामागे.

धाकट्या भावाचा जुना लॅपटॉप उघडून ती आठवेल तसं टाइप करत होती. पडदाभर लाल ओळी.

"फेब्रुवारीत केलंस तेच ना हे?" दारातून तिचे वडील, दत्तात्रेय, म्हणाले.

"बाबा, आत्ता नको हो."

"तेव्हा तू बोलत बोलत करत होतीस. मी सरावाला लिहून घेतलंय."

दत्तात्रेयांनी एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखक म्हणून काढली होती. निवृत्तीनंतर हात जड होऊ नये म्हणून घरात जो बोलेल त्याचं ते लघुलिपीत उतरवून घेत. रेडिओवरच्या बातम्या, मासळीवालीशी चाललेली घासाघीस, काम करताना स्वतःशी पुटपुटणारी लेक. यावरून शमिका त्यांना किती वेळा बोलली होती! तेही त्यांनी लिहून घेतलं होतं.

वही आली. नुसते आकडे, वेलांट्या, रेघोट्या. चष्मा लावून दत्तात्रेय ताठ उभे राहिले.

"'नोड अठरा. वीस नव्हे, वीसवर रडतंय मेलं.'"

"पुढे!"

"'आधी पासवर्डांची फाइल, मग बिल्ड. गेल्या खेपेला उलटं केलं, गाढव.' इथे शिंकली."

"शिंक गाळा हो, बाबा!"

"गाळता येत नाही गो. नोंद आहे."

हसू दाबत ती टाइप करत राहिली. अकराला दहा कमी असताना साइट उघडली, पण ऑर्डरचं पान काही सापडेना.

"'प्रॉक्सीच्या ओळीत शेवटी स्लॅश नको. दिला की बसा बोंबलत.'"

तिने एक तिरकी रेघ खोडली. पान उघडलं. हापूस, पाच डझनांची पेटी, खाली हिरवं बटण.

"झालं! बाबा, झालं!" तिने त्यांना धरून असं गदागदा हलवलं की चष्मा नाकावरून घसरला. "आता वाचा ना, अजून काय काय बडबडले होते मी?"

"'झालं.' मग फोन वाजतो," दत्तात्रेय वाचता वाचता थांबले आणि त्यांनी पान उलटलं. पलीकडचं पानही गच्च भरलेलं होतं.

फेब्रुवारीतल्या त्या संध्याकाळी फोनवर अनिल होता. त्याने काय विचारलं, इथेच खिडकीशी उभं राहून आपण तीनदा 'हो' म्हटलं, आणि मग हळूच, 'पण बाबांना कसं सांगू रे?', सगळं आठवलं. शमिकाचे कान तापले.

"त्यात... काय आहे?"

"कामाचं नाही," दत्तात्रेयांनी वही मिटली.

अकरा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. चाळीस पेट्या गेल्या होत्या. पलीकडे अनिल ओरडत होता, अलीकडे ती नुसती हसत होती, तिला धड बोलवेना.

"त्याला म्हणावं," दत्तात्रेय खोलीबाहेर जाता जाता म्हणाले, "आंबे संपले की ये घरी. मी काही लिहून घेणार नाही."

त्याआधीच, मार्चच्या दुसऱ्या रविवारी, शमिकाला न सांगता दत्तात्रेय एसटीने राजापूरला गेले होते आणि अनिलच्या आईच्या हातच्या सहा आंबोळ्या खाऊन आले होते.