नीळकंठाचा माठ

"बोला, नीळकंठ महाराज की..."

"जय!"

मिरजगावच्या अलीकडच्या वस्तीवर अख्खा गाव विहिरीभोवती लोटला होता. शेजारच्या बंद पडलेल्या मुलाम्याच्या कारखान्याचं सांडपाणी झिरपून विहिरीत जड धातू उतरले, म्हणून सरकारी माणसांनी तिच्यावर लाल फुली मारली होती. महाराजांना फुली मान्य नव्हती.

त्यांनी विहिरीचं पाणी काचेच्या बरणीत घेतलं, त्रिशूळानं ढवळलं, आणि पाणी निळंशार झालं!

"हेच हलाहल! समुद्रमंथनात उरलं, ते पाझरत पाझरत इथवर आलं."

"व्हय महाराज, आमची पाइपलाइन गळतीच हाय," सरपंच कारभारी हात जोडून म्हणाले.

निळं पाणी महाराजांच्या माठात गेलं आणि तोटीतून नितळ होऊन ठिबकलं. महाराजांनी घोटभर पिऊन ढेकर दिला. लोकांनी ढेकरालाही नमस्कार केला.

कर्जतच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी वृषाली मागं उभी होती. तिच्या सासूबाई, गोजरबाई, माठातलं पाणी तांब्यात भरून परतल्या.

"आपल्या मोनिकाला पाजते. लेक पोटुशी हाय, लेकरू तेजस्वी हुईल."

वृषालीनं तांब्यावर हात ठेवला. "आई, आज तिला हे पाजू नका. उद्या हाच चमत्कार मी करून दाखवते."

"तुला जमंल?" गोजरबाईंना शंका होती. सुनेची पुरणपोळी अजून तव्यावर फुटायची.

वृषालीनं गुऱ्हाळावरून उसाची चिपाडं आणली, झाकणाच्या डब्यात कोंडून भाजली, कोळसा कुटून धुतला आणि घरच्या तोटीच्या माठात भरला. दुसऱ्या दिवशी महाराजांसमोरच तिनं त्यांच्याच बरणीतलं निळं पाणी त्यात ओतलं आणि डोळे मिटून आवाज लावला,

"कर्जऽऽत मिरजगाऽऽव रुईछत्तीसीऽऽ नगरऽऽ, विनाथांबाऽऽ विनावाहकऽऽ..."

लोकांनी हात जोडले. "लई जुना मंत्र दिसतोय," कारभारी गहिवरले.

तोटीतून नितळ पाणी आलं. जयजयकार झाला.

"अहो, हा एसटीचा मार्ग आहे!" वृषाली म्हणाली. "निळा रंग तांब्याचा. चिपाडाचा कोळसा तांबं धरून ठेवतो. त्याला मंत्र लागत नाही. आता हे तांबं आलं कुठून, ते त्रिशूळाचं टोक फिरवून बघा."

कारभाऱ्यांनी टोक फिरवलं. आतून निळे खडे सांडले.

"आरं, हा तर मोरचूद! डाळिंबाच्या फवारणीचा!"

मग वृषाली महाराजांच्या माठात निळं पाणी ओततच राहिली. त्यातलाही कोळसा तांब्यानं भरून गेला, तशी तोटीतून निळीच धार लागली.

"भक्तांची पापं वाढली," महाराज गुरगुरले.

गोजरबाईंनी त्या धारेखाली पेला धरला आणि त्यांच्यापुढं नेला. "मग आमची पापं तुमीच प्या की."

"आज आमचा निर्जळी उपास हाय!" महाराजांनी धोतर सावरलं आणि हमरस्त्यावरच्या टेम्पोला हात केला. माठही मागं राहिला.

कारभारी डोकं खाजवत उरले. "पोरी, मग कोळसा खरा का खोटा?"

"कोळसा खरा, काका. पण तो किती धातू धरतो, कधी भरतो, हे प्रयोगशाळेत मोजावं लागतं. मोरचुदातलं तांबं निदान निळं दिसतं. या विहिरीतलं विष तर दिसतच नाही. पाणी नितळ आहे म्हणजे चांगलं, असं धरून चालू नका. तपासून घ्या. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी 'कसं केलं?' एवढं विचारा."

गोजरबाईंनी तांब्या उपडा केला. "टँकरवाल्याला फोन लावा सरपंच," त्या म्हणाल्या, "आन् ते पाणी बी तपासून आणायला सांगा."