कोरी चिठ्ठी

टिक्... टिक्... दुर्बिणीवरचं ते बोटभर उंचीचं चाक एकेक घर पुढं सरकत होतं, आणि प्रत्येक घराला अंगठ्याखाली हलकासा धक्का बसत होता – इतका नेमका, इतका खात्रीचा, की हालवारला वाटलं, गेल्या सप्टेंबरात हे चाक आपल्या रायफलीवर असतं तर... तर काय? तर ती मादी जागच्या जागी कोसळली असती, आणि या दुकानात मान वर करायला आपण असे कचरलो नसतो.

मान वर केली की जबडा दिसणार. दुकानाच्या मालकिणीनं, बोर्गिलबाईनं, तो गल्ल्यामागच्या भिंतीवर टांगला होता – रेनडिअरचा खालचा जबडा, एक बाजू शाबूत, दुसरी दाढांपाशी फुटलेली. पठारावर मारलेल्या प्रत्येक जनावराचा जबडा नाव-तारखेची चिठ्ठी बांधून तपासणीला पाठवायचा, हा इथला नेम. बाईनं यालाही तशीच चिठ्ठी बांधली होती. कोरी.

हालवारचा शिकारीतला जोडीदार आस्मुन. त्यालाच जूनमध्ये हा जबडा तळ्याकाठी सापडला होता. जबडा फुटलेलं जनावर चरणार कसं, किती दिवस उपाशी हिंडलं असेल, हे बाई येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायची आणि शेवटी म्हणायची, "कुणीतरी ऑस्लोवाला! दुर्बीण हीऽ एवढी, आणि पायांत दम नाही."

"शहरवाले!" म्हणून तेव्हा हालवारही हसला होता. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांत मोठ्यानं. गोळीचं एकवेळ सोडा, हात कुणाचाही हलतो – पण ते हसू? ते आठवलं की भर दुकानात त्याचे कान तापायचे.

गेल्या सप्टेंबरात ती मादी चारशे दहा मीटरवर होती. आस्मुन टेकाडाच्या पलीकडे होता, आणि पोटावर सरपटत जवळ जायचा हालवारला त्या दिवशी कंटाळा आला होता. बस, कंटाळा. याहून मोठं कारण त्यानं अकरा महिने शोधलं, सापडलं नाही. बार काढला, मादी झोकांडली, कळपाबरोबर धुक्यात शिरली. तो जागेवर गेला तर शेवाळावर एक दाढ पडलेली – मुळासकट, ओली. जखमी जनावर सापडेपर्यंत दुसऱ्यावर गोळी झाडायची नाही, हे इथं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. आणि मी... मी ती दाढ ओढ्यात फेकली, हात धुतले, आणि तासाभरानं धुकं विरल्यावर दुसरी मादी मारली. तिचा जबडा रीतसर पाठवला, नाव-तारीख घालून.

"आधीची गोळी कुठं गेली रे?" आस्मुननं विचारलं होतं.

"चुकली."

खोटं तरी कुठं होतं ते?

"बघ की बाहेर, नुसतं चाक काय फिरवतोस!" बोर्गिलबाईनं कपात कॉफी ओतली. त्यानं दारातून नदीपलीकडे दुर्बीण धरली. चर्चच्या दाराची बिजागरी दिसली, तिच्यावरचा गंजसुद्धा. मग कसं कोण जाणे, हात भिंतीकडे वळले... नुसता तपकिरी धूसर डाग. त्यानं बाजूचं चाक शेवटपर्यंत फिरवलं, तरी डागच.

"अरे वेड्या, पन्नास मीटरच्या आतलं नाही दिसत त्यातून!" बाई हसली. "आणि तुला कशाला रे ही? तू नि आस्मुन म्हणजे शेपटीला हात लागेल इतके जवळ जाणारे. किती लांबून मारायचंय?"

"चारशे दहा."

शब्द आपोआप बाहेर पडला. चारशे नव्हे, साडेचारशे नव्हे. आता ती विचारेल, हे दहा कुठून आले. विचारू दे, एकदाचं विचारू दे...

बाईनं भिंतीवरच्या ठळक अक्षरांतल्या अंतरांच्या तक्त्यावरून बोट फिरवलं. "मग हीच घे. हिच्याखालची नको." आणि ती खोकं शोधायला वाकली.

म्हणजे मी कबुली दिली, आणि तिनं त्यावर दुर्बीण विकली. त्याला हसू येईलसं वाटलं, पण आलं नाही.

"हमीपत्रावर नाव-तारीख तूच घाल बाबा, माझा चष्मा वर राहिलाय," गल्ल्याखालून आवाज आला.

हालवारनं पेन्सिल उचलली. तारीख घातली आणि नावाच्या रेघेवर टोक टेकवलं तेव्हा त्याला दिसलं – ऑगस्ट नाही, चौदा सप्टेंबर. गेल्या वर्षीची. आपल्याच वळणदार अक्षरात.

खोडायला हवं होतं. रबर पेन्सिलीच्या मागच्या टोकालाच होतं. बोर्गिलबाई खोकं घेऊन कण्हत उठत होती, कॉफी निवत होती, आणि पेन्सिल काही उलटी होईना. लाज तसूभरही कमी झाली नव्हती. फक्त त्या लाजेपासून लांब उभं राहायचा त्याला आता कंटाळा आला होता. त्यानं मान वर केली आणि नुसत्या डोळ्यांनी जबड्याकडे पाहिलं. त्यातली नेमकी कोणती दाढ नव्हती, ते इथून स्वच्छ दिसत होतं.