एका काडीत पेटणारी चूल

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी चूल आहे. माझ्या एका पायाखाली चपटा दगड दिला आहे, कारण तो पाय इथे येतानाच मोडला. अमेरिकेतल्या माँटानाच्या डोंगरात टॅमरॅक ओढ्याच्या काठी जंगल राखणाऱ्या रेंजर लोकांची ओंडक्यांची चौकी आहे. तिच्या कोपऱ्यात मी शंभरेक वर्षे बसून आहे. जन्म दूरच्या कारखान्यात झाला. तिथून आगगाडीने आणि पुढे खेचरांच्या पाठीवर, सुट्या सुट्या भागांत मी वर आले. एक खेचर ओढ्यात घसरले, तेव्हा माझा पाय गेला. खेचराला काही झाले नाही आणि सगळे त्याचेच कौतुक करत बसले. माझी विचारपूस कोणी केली नाही.

त्या काळी चौकीला कुलूप नसे. रेंजर असो, शिकारी असो, वाट चुकलेला असो, जो येईल तो रात्रभर राही. नियम एकच होता आणि तो कुठे लिहिलेला नव्हता. सकाळी निघताना माझ्या पोटातली राख काढायची. आत झाडाची साल, बारीक ढलप्या आणि वर दोन चिरलेली लाकडे रचायची. खोक्यात सरपण भरायचे आणि झाकणावर एक काडी ठेवायची. पुढचा माणूस भिजून येईल, त्याची बोटे वळणार नाहीत, पण एक काडी तरी ओढता येईल, एवढाच त्यातला विचार. तो पुढचा माणूस कोण, हे कुणालाच माहीत नसायचे.

लाइल हॉगेन नावाचा रेंजर इथे अकरा वर्षे होता. माणूस भला, पण घरापेक्षा जंगलात जास्त रमणारा. रोजच्या कामाची नोंद करायला त्याच्याकडे हिरव्या पुठ्ठ्याच्या वह्या असत. कंदिलाचे तेल वाचावे म्हणून तो माझे दार उघडे ठेवी आणि माझ्या उजेडात लिही. लिहिताना प्रत्येक शब्द पुटपुटण्याची त्याला खोड होती. मला वाचता येत नाही, तरी त्याच्या चारही वह्या मला तोंडपाठ होत्या.

एकोणीसशे बासष्टच्या ऑक्टोबरात त्याची नऊ वर्षांची मुलगी व्हर्ना एका रात्रीपुरती वर आली. वाढदिवसाला खाली येतो असे त्याने कबूल केले होते आणि तो गेलाच नव्हता. शेवटी आईने तिला खेचरवाल्याबरोबर पाठवून दिले. लाइल माझ्यावर पॅनकेक भाजत होता आणि ती बाकावर पाय हलवत बसली होती.

"तुझ्या वाटणीचा केक ठेवला होता मी," ती म्हणाली. "तीन दिवस. मग आईने कोंबड्यांना घातला."

"अगं, फोनची तार तुटली होती. वणवा लागला असता तर मी खाली कळवलं कसं असतं?"

"लागला का?"

"नाही."

"मग?"

लाइलचा पॅनकेक करपला, आणि त्यात माझा काही दोष नव्हता.

सकाळी त्याने तिला चूल रचायला शिकवली. तिने ती मन लावून रचली, काडीसुद्धा झाकणाच्या बरोबर मधोमध ठेवली. मग दारात उभी राहून म्हणाली, "तू घरी येऊच नकोस आता. आम्हाला सवय झालीये." आणि खेचरावर चढून निघून गेली. त्या संध्याकाळी लाइलने मला पेटवले आणि वही उघडली. त्याने काय लिहिले ते पुढे सांगते. चार दिवसांनी फोनची तार ओढताना एक वाळलेले झाड त्याच्या अंगावर पडले आणि तो जागीच गेला. लोक आले, त्याचे अंथरूण आणि बूट घेऊन गेले. वह्या फळीवरच राहिल्या.

पुढे तारा गेल्या, रेडिओ आले, हेलिकॉप्टर आले. रेंजरला डोंगरात मुक्कामाची गरज उरली नाही. कितीतरी वर्षे माझ्या पोटात उंदरांचा संसार चालला होता. मग कुणाला तरी वाटले, जुनी चौकी आहे, लोकांना एक रात्र राहायला देऊ. दाराला आकड्यांचे कुलूप आले. भिंतीवर पाटी लागली, लावणाऱ्याने ती मोठ्याने वाचली, 'पुढच्यासाठी लाकूड ठेवा.' पाटी लावावी लागली, तेव्हाच मी ओळखले की आता हा नियम सुटला.

चांगली माणसे येतच नाहीत असे मी म्हणणार नाही. पण गेल्या फेब्रुवारीत एक टोळके आले. त्यांनी सगळे सरपण अंगणात शेकोटीला घातले, कुऱ्हाड बाहेर बर्फात टाकली आणि गाणी म्हणत गेले. तीनच दिवसांनी दिवेलागणीला दोघे आले, एक तरुण आणि एक तरुणी. बर्फावरून स्की करताना त्यांची वाट चुकली होती. तरुण ओढ्यात पडून भिजला होता आणि त्याला धड बोलता येत नव्हते. खोके रिकामे. बाक होता, पण तो फोडणार कशाने? आणि पेटवायला बारीक काही तर हवे. तिने फळीवरच्या वह्या ओढल्या.

"माफ करा, माफ करा," असे म्हणत ती एकेक पान फाडत होती आणि मी खात होते. अकरा वर्षे मी खाल्ली. मग त्यांनी लाथा मारून बाक मोडला आणि तो माझ्यात घातला. पोरगा वाचला, त्याचा मला आनंद आहे. पण मित्रांनो, त्या रात्रीची ऊब मला आजही टोचते.

बर्फ वितळल्यावर ती दोघे परत येऊन एक नवी वही खिळ्याला टांगून गेली. त्या रात्रीनंतर सात महिन्यांनी, सप्टेंबरात, व्हर्ना आली. सत्तरीची, गुडघ्यांनी अधू, लेक जनेलच्या हाताला धरून. जुन्या वह्या अजून चौकीतच आहेत असे एका निवृत्त रेंजरने तिला उन्हाळ्यात सांगितले होते. आल्या आल्या ती फळीकडे गेली.

"चार असतील बघ. हिरव्या पुठ्ठ्याच्या."

"आई, इथे पत्त्यांचा जोड आहे नि मिठाची डबी. बाकी काही नाही गं."

मग खिळ्याला टांगलेली नवी वही जनेलने काढली आणि पहिले पान वाचले. "'लाकूड नव्हतं. कुऱ्हाड सापडली नाही. जुन्या वह्या जाळल्या म्हणून आम्ही जगलो. ज्यांच्या होत्या त्यांनी माफ करावं.'"

व्हर्ना खाटेवर बसली. वही मांडीवर घेऊन म्हणाली, "जगली ना पोरं. बरं झालं." आणि मग, "मला इतकंच बघायचं होतं, तो मनात राग धरून गेला का."

"आजोबा कशाला रागावतील नऊ वर्षांच्या पोरीवर?"

"तुला काय माहीत? मी बोलले ते तू ऐकलं नाहीस."

मित्रांनो, मला माहीत होते. लाइलने पुटपुटत लिहिलेला शब्द न् शब्द माझ्यापाशी आहे. 'चौदा ऑक्टोबर. तीन मैल तार ओढली. व्हर्ना म्हणाली, घरी येऊ नकोस. खरं तेच बोलली पोर. शनिवारी उतरतो आणि गावातल्या कचेरीत बदली मागतो. तिला आत्ता सांगायचं नाही, गंमत करू. तिने रचलेली चूल एका काडीत पेटली.'

संध्याकाळी जनेलने मला पेटवले, तेव्हा हे व्हर्नाला सांगायला मी जीव तोडून धडपडले. लाकडे कडाडली, झाकण थडथडले, धुराडे घुमले.

"ही चूल भलतीच तापलीये," जनेल म्हणाली. "धुराड्याची झडप लाव जरा, आई."

व्हर्नाने झडप लावली.

सकाळी ती माझ्यासमोर गुडघे टेकून बसली. राख काढली, साल घातली, ढलप्या रचल्या.

"राहू दे ना आई, तुझे गुडघे! पुढचे येतील ते करतील त्यांचं."

"असं म्हणूनच झालं ना सगळं," व्हर्ना म्हणाली. काडी तिने झाकणाच्या बरोबर मधोमध ठेवली. मग नव्या वहीत लिहायला बसली, आणि बापासारखीच पुटपुटत होती. 'बाबा, मी तसं म्हणायला नको होतं. तू रागावला होतास का, ते आता कळायचं नाही. चूल रचून ठेवली आहे. व्हर्ना.' वही खिळ्याला टांगून त्या दोघी गेल्या. तिचे गुडघे पाहता ती पुन्हा काही वर यायची नाही.

गेल्या रविवारी सहा जण येऊन गेले. मला त्यांनी एका काडीत पेटवले. "वा, काय चूल आहे!" असे कौतुकही केले. आत लाकडे कोणी रचली, हे एकानेही विचारले नाही. सकाळी पोटात राख तशीच ठेवून, खोके रिकामे करून ते गेले. कुऱ्हाड बाहेर खोडावरच राहिली. काल दुपारपासून बर्फ पडते आहे.

मित्रांनो, कुठेही एक रात्र राहिलात, तर निघताना मागून येणाऱ्यासाठी चार ढलप्या ठेवा. कोणी पाहत नसले तरी ठेवा. मी फक्त चूल आहे. समोर येईल ते मला खावे लागते आणि भिजून आलेल्याला मला नाही म्हणता येत नाही. खोके रिकामे आहे. कुऱ्हाड आता बर्फाखाली दिसेनाशी झाली आहे. खिळ्याला वही आहे, तिच्यात व्हर्नाचे पान आहे. कागद कोरडा आहे. एका काडीत पेटेल.