दवाखान्याच्या कामाची मजुरी

रंगकामाचा ठेकेदार शिडीवरून पडला, पाय मोडून अंथरुणाला खिळला, आणि तीन ठिकाणची कामं त्याच्या बायकोच्या गळ्यात पडली. एक शाळा, एक बंगला, एक नवा दवाखाना. कुठे किती माणसं आली, कुणाची किती मजुरी, हे ती रोज संध्याकाळी फोनवर विचारून मोबाईलमध्ये भरायची. सुरुवातीला डोकं भणभणायचं; मग हळूहळू हात बसला.

हात बसला तशी एक गोष्ट खटकायला लागली. शाळेची, बंगल्याची मजुरी अंदाजाप्रमाणे चालली होती. दवाखान्याची मात्र निम्मीच, आणि काम तर जवळजवळ उरकलेलं. रंगाचा एकच हात मारून गुंडाळताहेत की काय?

सुट्टीच्या दिवशी, रविवारी, कुणाला न सांगता ती भिंती बघायला गेली. तर आत तिन्ही ठिकाणचे रंगारी जमलेले. कुणी भिंत घासतंय, कुणी छताला रोलर फिरवतंय. तिला बघून सगळ्यांचे हात चोरी पकडल्यासारखे थांबले.

"मिस्त्रीकाका, हे काय चाललंय?"

"काही नाही, वहिनी," म्हातारा मिस्त्री खाली बघत म्हणाला. "मालकांच्या पायाचा खर्च आहे. म्हटलं, एवढे रविवार आमच्याकडून, बिनमजुरीचे. माझ्या पोरीच्या बाळंतपणात मालक घरच्यासारखे धावले होते. ते कुठे त्यांनी आमच्या मजुरीतून कापलं?"

रंगाच्या उपड्या डब्यावर ती जरा वेळ बसली. मग पदराने डोळे पुसले.

"काका, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. पण हे रविवार हिशेबात मांडले नाहीत, तर पुढचं काम मी याच आकड्यावर स्वस्तात घेईन, आणि आपण सगळेच गोत्यात येऊ."

मिस्त्रीने डोकं खाजवलं. "हे आमच्या टाळक्यातच आलं नाही. मांडा मग. पैसे मात्र बिल निघाल्यावर."

घरी तिने सगळं सांगितलं, तेव्हा ठेकेदाराने भिंतीकडे तोंड फिरवलं.

बिल निघालं, रविवारची मजुरी चुकती झाली. पुढचं काम तिने खऱ्या दराने मागितलं आणि तिला मिळालंही. एका रविवारचे पैसे तेवढे कुणीच घेतले नाहीत. "तो आमचा," मिस्त्रीकाका म्हणाले. तिनेही ताणून धरलं नाही. हात जोडले आणि ते पैसे ठेवून घेतले.