वीस फॉर्म, एकच अक्षर

कॉलेजच्या ऑफिसात तीन नंबरच्या खिडकीमागे बसणाऱ्या क्लार्कबाईंचं डोकं त्या दिवशी सकाळी अकरालाच फिरलं होतं.

प्रथम वर्षाची ओळखपत्रं वाटायची होती. काम साधं. विद्यार्थ्याने यायचं, सही करायची, कार्ड घेऊन जायचं. पण रांगेत विद्यार्थी होते कुठे? रांगेत होत्या आया, वडील, एक काका आणि एक मामा!

"मुलगा कुठे आहे?" बाईंनी पहिल्या गृहस्थांना विचारलं.

"बाहेर गाडीत बसलाय. ऊन आहे ना."

"सही त्याची लागेल."

"मी करतो की! हुबेहूब करतो त्याच्यासारखी."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, अठरा वर्षांचा घोडा झालाय तो! परीक्षेलाही तुम्हीच बसणार का?"

गृहस्थ रागारागाने बाहेर गेले आणि मुलाला दंडाला धरून घेऊन आले. मुलगा वडिलांपेक्षा वीतभर उंच. बाईंनी त्याला तुकडी विचारली, तर त्याने वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं.

दुपारपर्यंत हेच चाललं. एका आईने तर लेकीच्या वर्गात पंखा कुठल्या बाजूला आहे, याची चौकशी केली. बाईंच्या तोंडाचा पट्टा थांबत नव्हता आणि बाईंचं चुकतही नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत भूगोलाच्या मॅडम आत आल्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या, आवाज न चढवता समोरच्याला गप्प करणाऱ्या. त्यांनी एक फाइल टेबलावर ठेवली.

"हे तुमचंच ना?"

बाईंनी नाव वाचलं. त्यांच्याच लेकीची फाइल. कागदोपत्री नाव काहीही असो, घरात ती अजून छकुलीच होती आणि याच कॉलेजात प्रथम वर्षाला होती. मॅडमनी वर्गाला सर्वेक्षण दिलं होतं: बाजारातल्या वीस दुकानदारांना भेटायचं, माल कुठून येतो, गिऱ्हाईक कुठून येतं, ते विचारून फॉर्म भरायचे.

"माझं कसं असेल? छकुलीचं आहे."

"नाव तिचं आहे. अक्षर तुमचं आहे. माझ्या रजेच्या अर्जांवर अकरा वर्षं हेच शेरे वाचतेय मी. 'र'ला एवढी लांब शेपटी दुसरं कोण काढतं?"

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. रविवारी भांडी आवरता आवरता त्यांनीच ते वीसच्या वीस फॉर्म भरले होते. शंका येऊ नये म्हणून तीन पेनं वापरली होती. एका चप्पलवाल्याच्या तोंडी तर रस्त्यातल्या खड्ड्यांची तक्रारही घातली होती. अक्षर मात्र बदलायचं राहून गेलं!

"मॅडम, ती लाजाळू आहे हो. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझ्या मागे लपते. रडायला लागली, मग मी काय करणार?"

"सहा आठवडे ती माझ्या वर्गात बसतेय. मी अजून तिचा आवाज ऐकलेला नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते."

"म्हणून काय झालं? वीस कागदांचा एवढा बाऊ कशाला?" आता बाईच चिडल्या. "बाकीची मुलं काय खरंच उन्हात फिरतात?"

"काही फिरतात, काही घरबसल्या थापा मारतात. पण त्या थापा निदान स्वतःच्या हाताने लिहितात!" मॅडम समोरच्या खुर्चीत बसल्या. "सकाळी त्या गृहस्थांना तुम्ही झापलंत, तेव्हा मी मागेच उभी होते. टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या मला. ते बिचारे एकच सही करणार होते. तुम्ही वीस फॉर्म भरलेत."

बाईंनी फाइल मिटून उलटी ठेवली.

"पुस्तकं घरी बसूनही वाचता येतात," मॅडम म्हणाल्या. "कॉलेजात यायचं ते विचारायला. अडलेलं शिक्षकांना विचारायला, ग्रंथालयात हव्या त्या पुस्तकात डोकं घालायला, शाळेत ज्यांच्याशी कधी बोललो नसतो अशा चार जणांशी वाद घालायला. रोज तीन ते चार मी माझ्या खोलीत शंका घेऊन येणाऱ्यांसाठी बसते. वर्षाकाठी किती येतात? चार! बाकीचे परीक्षेच्या तोंडावर उगवतात आणि म्हणतात, मॅडम, महत्त्वाचे प्रश्न सांगा. वैताग आहे नुसता! अहो, चुकायचं तर पहिल्याच वर्षी चुकावं. इथे चुकली तर मी फार तर ओरडेन. पुढे नोकरीत चुकली, तर तिथे तुम्ही कुठे कुठे पुरणार?"

उठताना त्यांनी एवढंच सांगितलं, "या फाइलला शून्य. शुक्रवारपर्यंत वेळ देतेय. तिला, तुम्हाला नाही."

संध्याकाळी बाईंनी घरी सगळं सांगितलं. छकुली रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती भडकली.

"तू कशाला लिहिलेस फॉर्म?"

"तू रडत होतीस म्हणून!"

"रडत होते. पण तू लिही, असं म्हटलं होतं का मी? तूच कागद ओढून घेतलेस! नेहमी ओढून घेतेस. विषयसुद्धा तूच निवडलेस माझे!"

बाईंना रविवार आठवला. खरंच की! लेकीने मदत मागितलीच नव्हती. ती रडत का होईना, पण कागद पुढ्यात घेऊन बसली होती. ते हिसकावले होते आईने!

"मी येऊ का बरोबर? लांब उभी राहीन," बाईंनी हळूच विचारलं.

"नाही!"

दुसऱ्या दिवशी छकुली कॉलेज सुटल्यावर एकटी बाजारात गेली. बाईंनी पाच वेळा फोन हातात घेतला आणि पाच वेळा ठेवला. सातला ती धुळीने माखून परतली आणि दारातूनच सुरू झाली.

"सहाच झाले! एकाने हाकललं मला. म्हणे, घ्यायचं तर घे, नाहीतर वाट सोड. आणि तो कुलपांचा दुकानदार! अर्धा तास सोडेना. पूर्वी सगळी गिऱ्हाइकं जुन्या पुलाकडून यायची, आता सगळी बसस्टँडकडून येतात म्हणाला. फॉर्ममध्ये जागाच उरली नाही, मागच्या बाजूला लिहिलंय."

कागद चुरगळलेले, खाडाखोड ही एवढी. 'आण, नीट उतरवून देते' हे वाक्य बाईंच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं.

शुक्रवारपर्यंत सोळा फॉर्म झाले. छकुली स्वतः मॅडमच्या खोलीत गेली. "मॅडम, सोळाच झाले. उरलेले खोटे भरले नाहीत." मॅडमनी अपुऱ्या फॉर्मचे आणि उशिराचे मार्क कापले, वीसपैकी नऊ दिले आणि मग कुलपांच्या दुकानदाराबद्दल इतके प्रश्न विचारले, की दोघी पाचपर्यंत बोलत बसल्या.

त्याच दिवशी बाई प्राचार्यांकडे गेल्या आणि आपण काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं. चांगली बोलणी बसली, लेखी समजही मिळाली. त्यांनी निमूटपणे सही केली.

घरी पोचल्या तर छकुली तावातावाने येरझाऱ्या घालत होती. "नऊ मार्कांचं जाऊ दे गं आई, पण मॅडमचं चुकतंय! त्या म्हणतात, नवा पूल झाल्यामुळे गिऱ्हाइकांची वाट बदलली. मी म्हणते, बसस्टँडमुळे. सोमवारी ग्रंथालयातून जुना नकाशा काढून दाखवतेच त्यांना!"

बाई ऐकत राहिल्या. सहा आठवड्यांत वर्गाने न ऐकलेला आवाज घरभर घुमत होता.

तर मंडळी, आपण सगळेच मुलांवर वैतागतो, की ही मुलं तोंड उघडत नाहीत. पण त्यांच्या वतीने आधी आपणच बोलून टाकतो, त्याचं काय? आई-बाबांनो, मुलांच्या हातातलं काम त्यांच्याच हातात राहू द्या. आणि प्रथम वर्षाच्या मुलामुलींनो, शिक्षक, ग्रंथालय, मित्र सगळं समोर आहे, पण विचारल्याशिवाय यातलं काहीही तुमचं होणार नाही. चुकाल, कोणी हाकलेल, मार्कही जातील. जाऊ देत! ते नऊ मार्क तुमचे स्वतःचे असतील.