सुई टेकेपर्यंत

बाबांचा हात थरथरायला लागला आणि घरात रेकॉर्ड लागणं बंद झालं.

बाभुळगावात त्यांची लाउडस्पीकर सर्व्हिस तीस वर्षं चालली. गेल्या वर्षी माझ्या भावाने, राजदीपने, त्यांच्यासाठी रेकॉर्ड वाजवायची नवी मशीन आणली. तिचा प्लास्टिकचा दांडा बोटांनीच उचलून सुई रेकॉर्डवर ठेवावी लागे. दुसऱ्याच दिवशी बाबांच्या हातून सुई घसरली आणि रेकॉर्डवर आडवा चरा उमटला. मी लावून देत जाईन, असं राजदीप म्हणाला. बाबांनी मशीनवर टॉवेल टाकला.

"दुसऱ्यानं सुई ठेवलेली मले नाही चालत," एवढंच ते मला म्हणाले.

सर्व्हिसची जुनी मशीन कपाटावर पडून होती. तिचा धातूचा दांडा तेवढा न्यायला अमरावतीचा एक माणूस रविवारी येणार होता. असे दांडे आता कोणी बनवत नाही, असं त्याने राजदीपला सांगितलं होतं.

शुक्रवारी मी मशीन खाली काढली. मागचं वजन फिरवून दांडा तोलला, तर तो नुसत्या श्वासाने हलला. इतक्या वर्षांनीही सांधा कुठे अडकत नव्हता. बाजूला एक कळ होती. ती पाडली की दांडा आपोआप, सावकाश खाली यायचा. हाताची थरथर सुईपर्यंत पोचायचीच नाही. पण आता तो धपकन पडला. दांड्याला सावकाश उतरवणारं, कळीच्या नळीतलं तेल वाळलं होतं.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, तरी आधी शिलाई मशीनचं तेल घातलं. ते पातळ, दांडा तसाच पडला. शनिवारी लोहारा एमआयडीसीतल्या कारखान्यात काम करणाऱ्या रजतकडून, माझ्या जुन्या विद्यार्थ्याकडून, घट्ट सिलिकॉन तेल आणलं आणि सिरिंजने भरलं. दांड्याला खाली यायला पूर्वी किती वेळ लागायचा, ते बाबांना विचारलं.

"चार सेकंद. माइकवर तेवढंच बोलून घेत होतो."

माझ्या तेलाने सहा लागत होते.

रविवारी सकाळी राजदीप दांडा काढून ठेवायला पेचकस घेऊन आला. बाबा मशीनपुढे बसले होते. थरथरत्या बोटाने त्यांनी कळ पाडली आणि समोर माइक असल्यासारखी मान पुढे केली.

"बाभुळगावच्या समद्या मंडळीले जयभीम."

सुई अजून वरच होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अन् आमच्या राजदीपच्या नव्या मशीनले बी."

सुई टेकली. राजदीप हसला, पेचकस खिशात घातला आणि अमरावतीला फोन लावायला बाहेर गेला.