सुताराच्या परसातला कोंबडा

सुताराच्या पोटरीला कोंबड्याने चोच मारली आणि त्या घराची घडी विस्कटली. आधी ती फार नीट होती असं नाही. आमच्या आणि त्यांच्या परसात नुसतं काट्याचं कुंपण, त्यामुळे त्यांचं भांडण आम्हाला घरच्यासारखंच ऐकू येतं. मी भांडी घासत होते. सुतार एका हातात रंधा आणि दुसऱ्या हाताने पोटरी धरून एका पायावर नाचत होता, आणि कोंबडा मान ताठ करून त्याच्यापुढे उभा. मला हसू आवरेना, म्हणून राखेचा हात तसाच तोंडावर धरला.

कोंबडा थोरलीचा. थोरली म्हणजे सुताराची पहिली बायको. मूल होईना म्हणून त्याने दुसरी आणली, ती धाकटी. पहिल्या लग्नाच्या वेळी सुताराने स्वतःच्या हाताने सागवानी पाळणा केला होता, कडेला पोपट कोरलेला. धाकटी येऊन चार वर्षं झाली तरी तो माळ्यावरच. त्यात आता कांदे ठेवतात.

धाकटी आली तशी थोरलीची वळकटी मागच्या लाकडाच्या खोपटात गेली. सासूने तेव्हाच ठणकावून सांगितलं होतं, की कोंबड्यांवर हिचं भागतंय तोवर राहील, नाहीतर भावाची वाट धरील. भावाच्या घरी वहिनीचं राज्य. तिथे गेलं की उंबऱ्याबाहेरचं आयुष्य, हे थोरली जाणून होती. म्हणून ती कोंबड्यांना जिवापाड जपायची. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवावी तर थोरलीनेच. आमच्या गल्लीत एक परस असं नाही जिथे तिच्या हातची पिल्लं वाढली नाहीत. बदल्यात कुणी जोंधळे द्यायचं, कुणी जुनं लुगडं.

आणि या सगळ्याचा धनी तो कोंबडा. आम्ही त्याला कोतवाल म्हणायचो. आकाशात घार दिसायच्या आत त्याचा घशातला आवाज यायचा आणि सगळ्या कोंबड्या लाकडांच्या ढिगाखाली. दाणा सापडला की स्वतः न खाता बायकांना हाका मारायचा. दोघी भांडायला लागल्या की मधे जाऊन उभा राहायचा, मारझोड नाही, नुसता उभा. अंधारायच्या आधी सगळ्यांना खुराड्यात घालून शेवटी आपण शिरायचा. आमच्या गल्लीत असा संसार करणारा पुरुष मी तरी दुसरा पाहिला नाही, माझ्या घरातला धरून.

पण सुताराने हट्टच धरला. पहाटे झोपू देत नाही, आता अंगावर येतो, याला कापायचा. थोरली हात पुसत खोपटातून आली. तिने समजावून सांगितलं, की तुम्ही रंधा घेऊन खुराड्याशी गेलात, त्याला वाटलं मारायलाच आलात. घारीपासून, मुंगसापासून तोच राखतो. तो नसला तर एक पिल्लू हाती लागायचं नाही.

"अंडी कोण घालतं?" सुताराने विचारलं. "कोंबडी ना? मग हा काय करतो? नुसता खातो आणि ओरडतो."

हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकून मी भांड्यांचा आवाज मुद्दाम थांबवला. सासूनेही मुलाचीच री ओढली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे म्हातारीला कुणी सांगावं?

पुढच्या बाजाराच्या दिवशी धाकटीचा भाऊ आला. कोतवाल पातेल्यात गेला. थोरलीने वाटण वाटून दिलं, जेवली मात्र नाही.

आठवडा गेला नाही तोवर परसाची रया गेली. काळ्या कोंबडीने दादागिरी सुरू केली, बाकीच्यांच्या पाठी टोचून सोलून काढल्या. घारीने भर दुपारी एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, उचलून नेली, कुणी ओरडलंसुद्धा नाही. संध्याकाळी थोरली काठी घेऊन एकेकीला हुडकत फिरायची.

तरी तिच्यापाशी एक आशा होती. कोतवालाच्या वेळची अंडी तिने टोपलीत भुशात जपून ठेवली होती. त्यांत जीव होता. त्यांतून एखादा कोंबडा निघाला असता तर परस पुन्हा उभं राहिलं असतं. लाल कोंबडी खुडूक झाली तशी तिने टोपली काढली, तिच्याखाली अंडी लावली आणि मला कुंपणावरून सांगितलं, "एवढी फुटू देत गं. मग मला कुणी हलवत नाही."

दिवस भरले. कोंबडी उठेना आणि अंडी फुटेनात. आणखी दोन दिवस वाट पाहून थोरलीने एक अंडं दगडावर फोडलं. आत नासलेलं पाणी. दुसरं फोडलं, तेच. वासाने सासू बाहेर आली, पाणी भरायला निघालेल्या बायका थांबल्या, मीही कुंपणापाशी गेले.

"बघा," सासू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वांझेचा हात लागला. आता कोंबड्यांनाही बाधला."

थोरली खाली मान घालून कवचं गोळा करत राहिली. बोलली ती धाकटी. दारात उभी होती, पदराचं टोक चावत. भाऊ आला त्या दिवशी रात्रीच्या पोळ्यांबरोबर अंडी हवी होती, म्हणून तिने टोपलीतली जुनी काढून तव्यावर घातली होती. नंतर मन खायला लागलं. ताईचं नुकसान नको म्हणून पंधरा-वीस दिवसांनी कोंबड्यांनी घातलेली ताजी अंडी तेवढीच मोजून भुशात ठेवली. तिला वाटलं, जुन्यापेक्षा ताजी चांगलीच. तिच्या माहेरी कधी कोंबड्या नव्हत्या.

"अगं खुळे," सासूने कपाळावर हात मारला, "कोंबडा गेल्यावर कितीतरी दिवसांनी घातलेली ती! त्यांत काय असणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? यात कोंबडीचा काय दोष?"

थोरली कवचं हातात घेऊन उठली. इतक्या वर्षांत मी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही.

"आत्याबाई, कोंबडीचा दोष नाही हे तुम्हाला एका खेपेत कळलं," ती म्हणाली. "आम्ही दोघी आलो, दोघींची कूस रिकामी. तरी आड कधी कुणी वाकून बघितला नाही."

पाण्याला निघालेल्या बायका जागच्या हलेनात. सुतार ओट्यावर फळी तासत होता, त्याचा रंधा थांबला. धाकटीने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली. मला वाटलं होतं तो मारायला धावेल. तो नुसता म्हणाला, "हिचं बोचकं बांधा."

दुसऱ्या दिवशी थोरली भावाच्या घरी गेली. बोचकं केवढंसं, तेही तिने मला उचलू दिलं नाही. कोंबड्यांकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला मात्र धुण्याला बसले तरी रडू येत होतं, आणि रागही येत होता, कुणावर काढावा ते कळत नव्हतं. त्या दिवशी तिथे आम्ही इतक्या जणी होतो, एकीनेही तिची बाजू घेतली नाही. मला धरून.

सासूने बाजारातून नवा कोंबडा आणवला. तुरेदार, तांबडा, पायांवर पिसं असलेला. महिना-दीड महिन्यात परस पिल्लांनी भरलं. आता ती गल्लीतल्या बायकांना कुंपणापाशी बोलावून पिल्लं दाखवते. परवा मलाही बोलावलं.

"बघ कशी खणखणीत निघाली," ती म्हणाली. "कोंबडी काय गं, कुठलीही चालते. कोंबडा चांगला लागतो."

मी हो म्हटलं. धाकटी खुराडं झाडत होती, वर पाहिलं नाही. तिची वळकटी मागच्या खोपटात गेलेली मला कुंपणावरून दिसत होती.

म्हातारी एक पिल्लू माझ्या ओंजळीत ठेवून जवळ सरकली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "तुझ्या माहेराकडे एखादी मुलगी असली तर सांग. आमच्या याला बघायची आहे."